प्रकाशानें घट्ट होणारा सरस

गेल्या चैत्रांत आमच्या गंगापूर रोडवरील घरीं एक लहानसा अपघात घडला. लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीचें झाकण पुसतां पुसतां हातांतून निसटलें आणि त्यावरील बोराएवढी मूठ निखळून ओट्याखालीं गेली. बरणी आमच्या मातुःश्रींच्या वेळची; तिची बाजारांतील किंमत विचारण्यांत अर्थ नाहीं, आणि तिच्या मापाचें दुसरें झाकण मिळणेंही कठीण. आमच्या मंडळींनीं तुकडा शोधून काढला व कांहीं न बोलतां तो आमच्या लिहिण्याच्या मेजावर आणून ठेविला. या न बोलण्याचा अर्थ आम्हांस चांगला समजतो. इतक्यांत आमच्या पुतण्यानें खिशांतून लेखणीएवढी एक नळी काढली. तिच्या एका टोकास मधासारखा द्रव, दुसऱ्या टोकास जांभळ्या प्रकाशाचा चिमुकला दिवा. "काका, थेंब लावा आणि पांच-सात सेकंद दिवा धरा. झालें!"

आम्ही तसेंच केलें. जोड क्षणांत बसला. बोटानें ढकलून पाहिला तों हलेना. इतिहासाच्या अध्यापकास एवढी कारागिरी साधावी याचा आम्हांस अंमळ गर्वही झाला. तिसऱ्या दिवशीं मंडळी झाकण उचलावयास गेल्या, तों मूठ त्यांच्या हातीं आणि झाकण बरणीवर! तुटलेल्या तोंडाकडे पाहतां असें दिसलें कीं, कडेची केसाएवढी रेघ तेवढी कांचेसारखी कठीण झाली होती. मधला सारा द्रव जसाचा तसा ओला. चूक नळीची नव्हती, आमची होती. जो सरस प्रकाशानेंच घट्ट व्हावयाचा, तो दोन अपारदर्शक तुकड्यांच्या मध्यें अंधारांत कोंडल्यावर घट्ट होणार कसा? त्याच नळीनें त्याच सायंकाळीं आमच्या चष्म्याच्या पारदर्शक चौकटीची चीर मात्र अशी बुजविली कीं, ती नेमकी कोठें होती हें आज आम्हांस सांगतां येणार नाहीं.

ही वस्तु अगदीं नवी, आजच्या युगाची, असें पुतण्याचें म्हणणें. घटकाभर आम्हीही तसेंच मानलें. परंतु जुन्या गोष्टी धुंडाळण्याची खोड आमच्या धंद्यासच लागलेली असल्यामुळें स्वस्थ बसवेना. शोधूं लागलों, तों असें आढळलें कीं, प्रकाशानें घट्ट होणाऱ्या पदार्थाचा इतिहास सुमारें दोनशे वर्षांचा आहे, आणि त्यांतील एक प्रकरण तर आमच्या घरापासून तीन-चार कोसांवर, नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यांत घडलेलें आहे.

जोडण्याची विद्या आपल्याकडे फार प्राचीन. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वज्रलेपावर स्वतंत्र अध्यायच आहे. कच्चीं टेंभुर्णीचीं व कवठाचीं फळें, सांवरीचीं फुलें इत्यादि पाण्यांत उकळून अष्टमांश काढा उरवावा, त्यांत गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल वगैरे घालावे, आणि तो लेप ऊन ऊन असतांना देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावावा, असें तेथें सांगितलें आहे. तो किती वर्षें टिकेल हें सांगतांना ग्रंथकारानें हात मुळींच आंखडलेला नाहीं! घरगुती व्यवहारांतले पदार्थ याहून साधे. सुताराचा सरस जनावरांच्या कातड्याचा, पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून वितळवावयाचा. बुकें बांधणाराची खळ कणकेची, तींत कसर लागूं नये म्हणून मोरचुदाची चिमूट. सोनार पोकळ दागिन्यांत लाख भरी, आणि तीच लाख चाकूचें पातें मुठींत बसवावयास उपयोगी पडे.

या सर्वांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. खळ व डिंक घट्ट होतात ते पाणी उडून गेल्यानें. लाख घट्ट होते ती निवल्यानें. सरसाला दोन्हीही लागतात. म्हणजे घट्ट केव्हां व्हावें हें त्या पदार्थाच्या मर्जीवर. लाख निवण्यापूर्वीं पातें सरळ बसलें तर ठीक, नाहींतर पुन्हां विस्तव. पुढें आलेल्या नव्या पदार्थांनींही ही ताबेदारी पुरतेपणीं सुटली नाहीं. १९५९ सालीं निघालेलें व आतां प्रत्येक सुताराच्या हातीं असलेलें फेव्हिकॉल हें पांढरें रोगणही पाणी उडून जाईपर्यंत वाट पाहावयास लावतें. दोन नळ्यांतील पदार्थ कालवून लावावयाचें अ‍ॅराल्डाइट एकदां कालवलें कीं थांबत नाहीं. हॅरी कूव्हर या अमेरिकन रसायनज्ञाला १९४२ सालीं दुसरेंच कांहीं शोधतांना सांपडलेला आणि १९५८ सालीं बाजारांत आलेला सायनोअ‍ॅक्रिलेट तर हवेंतील दमटपणानेंच क्षणांत धरतो. त्यांत वस्तूंआधीं बोटेंच एकमेकांस चिकटल्याचा अनुभव कोणत्या घरीं नसेल? हातानें तुकडे निवांत जुळवावे, न जुळल्यास पुन्हां हलवावे, आणि मनास आलें म्हणजेच "आतां घट्ट हो" असें म्हणावें, ही सोय त्यांपैकीं कोणांतच नव्हती. ती प्रकाशानें दिली.

पण ती दिली प्रथम जोडणारांस नव्हे, तर छापणारांस. फ्रान्समधील निसेफोर न्येप्स यानें यहुदी देशांतील डांबर लॅव्हेंडरच्या तेलांत विरघळवून धातूच्या पत्र्यावर पसरलें व तो पत्रा अंधाऱ्या पेटींत ठेवून खिडकीकडे तोंड करून ठेविला. उन्हाचा भाग पडला तेथें डांबर कठीण झालें. छायेंतलें तेलानें धुऊन गेलें. १८२६-२७ सालचा तो पत्रा आज जगांतील सर्वांत जुनें उपलब्ध छायाचित्र मानतात. छायाचित्रकलेचा हा आद्य ग्रंथ म्हणजे वास्तविक प्रकाशानें घट्ट झालेल्या राळेचा एक थर होय, ही गोष्ट छायाचित्रांचे इतिहास लिहिणारेही ओझरतीच सांगतात. पुढें १८३९ मध्यें मंगो पाँटन यास बायक्रोमेट लाविलेला कागद प्रकाशानें बदलतो असें दिसलें. टॅलबटनें १८५२ मध्यें जिलेटिनांत, म्हणजे शुद्ध केलेल्या सरसांतच, हें द्रव्य मिसळून दाखविलें कीं ऊन लागलेला सरस मग पाण्यांत विरघळत नाहीं. आणि १८५५ मध्यें प्वातव्हँ यानें त्यावरून शिळाछापाची रीत बसविली. सुताराच्या भांड्यांतील सरसास सूर्याची आज्ञा पाळावयास लावण्याचें श्रेय या तिघांकडे जातें.

ही विद्या महाराष्ट्रांत येण्यास फार वेळ लागला नाहीं. १८६० च्या सुमारास इंग्लंडांतील नकाशे-खात्यानें नकाशांचें छायाचित्र घेऊन तें अशा सरसाच्या कागदावरून जस्ताच्या पत्र्यावर उतरविण्याची रीत सिद्ध केली. तिचेंच नांव फोटोझिंकोग्राफी, आणि तिच्याच नांवाचें सरकारी मुद्रणालय पुण्यास निघालें. मुंबई इलाख्यांतील गांवोगांवचे नकाशे तेथें छापले गेले. ज्यांच्या घरीं वडिलोपार्जित जमिनीचे कागद असतील त्यांनीं गांवच्या जुन्या नकाशाचा कोपरा एकदां पाहावा. त्यावर त्या पुण्याच्या छापखान्याचें नांव सांपडण्याचा संभव आहे. बांधाबांधांवरून भावाभावांत झालेले कज्जे ज्या रेघांवरून तुटले किंवा वाढले, त्या रेघा प्रकाशानें घट्ट केलेल्या सरसाच्या होत्या.

आमच्या जिल्ह्याच्या वाट्यासही या विद्येचा एक मोठा उपासक आला. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं जन्मलेले दादासाहेब फाळके यांस आपण चित्रपटांचे जनक म्हणून ओळखतों, आणि तें यथार्थच आहे. परंतु चित्रपटापूर्वींचे फाळके कोणी फारसे वाचीत नाहीं, हें आम्हांस नेहमीं खटकतें. बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेला हा गृहस्थ ठसे करणारा व रंगीत छपाई करणारा होता. त्या छपाईच्या यंत्रसामग्रीसाठीं तो १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आला. तांब्याजस्ताच्या पत्र्यावर बायक्रोमेटयुक्त सरस ओतावा, त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हांत किंवा दिव्यापुढें धरावें, कच्चा सरस धुऊन टाकावा आणि उघडें पडलेलें धातु आम्लानें खावयास लावावें, हीच त्या काळच्या ठसेकाराची दिनचर्या. प्रकाश हा नुसता दाखविणारा नसून घडविणाराही आहे, ही जाण त्यांस पडद्यापूर्वीं पत्र्यावर आली असली पाहिजे, असें आम्हांस वाटतें. 'राजा हरिश्चंद्रा'नंतर १९१३ सालीं त्यांनीं आपलें बिऱ्हाड व चित्रशाळा नाशकास आणली, आणि १९४४ सालीं त्यांचा देह येथेंच पडला.

आतां नाशिकरोडचें प्रकरण. हिंदुस्थानचीं टपालाचीं तिकिटें पूर्वीं लंडनच्या डी ला रू कंपनीकडे छापलीं जात. १९२० नंतरच्या दशकांत नाशिकरोडला छापखाना उभा राहिला आणि १९२६ पासून तिकिटें येथें छापूं लागलीं. तरी तांब्याच्या रुळावर कमीअधिक खोल खांचा पाडून छायाचित्राची कोमल छटा उतरविण्याची फोटोग्रॅव्ह्यूर ही रीत येथें नव्हती. त्यामुळें झालें असें कीं, १५ ऑगस्ट १९४८ रोजीं महात्मा गांधींचीं तिकिटें काढावयाचीं ठरलीं तेव्हां तीं स्वित्झर्लंडांतील कूर्व्हाझिए यांच्याकडे छापून घ्यावीं लागलीं. ज्यानें उभें आयुष्य स्वदेशीसाठीं वेंचलें त्याचेंच मुखचित्र परदेशांत छापावें लागावें, यांतील विसंगति त्या वेळच्या कित्येकांस टोंचलीच असेल. ही उणीव पुढें चार वर्षांनीं भरून निघाली. १ ऑक्टोबर १९५२ रोजीं कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब व रवींद्रनाथ या सहांचीं तिकिटें निघालीं, तीं नाशिकला फोटोग्रॅव्ह्यूरनें छापलेलीं पहिलीं. या रीतींत रंगीत जिलेटिनाचा कागद बायक्रोमेटांत भिजवून त्यावर बारीक जाळी व चित्र यांतून प्रकाश सोडतात, मग तो तांब्याच्या रुळावर चिकटवून ऊन पाण्यानें धुतात. प्रकाश जेथें जास्त पडला तेथें सरसाचा थर जाड राहतो, कमी पडला तेथें पातळ. पातळ थरांतून फेरिक क्लोराइड लवकर शिरतें व तांबें खोल खातें. कबीराच्या गालावरची छाया म्हणजे त्या थराची जाडी-पातळी, दुसरें कांहीं नाहीं.

छापखान्यांतून हा सरस घरीं आला तो दंतवैद्यांच्या मार्गानें. १९५५ मध्यें बुओनोकोर यानें दातावर आम्ल लावून पृष्ठ खरखरीत केल्यास राळ घट्ट धरते असें दाखविलें; बोवेन यानें १९६२ च्या सुमारास त्यासाठीं योग्य राळ बनविली; आणि पुढील दशकांत ती प्रकाशानें घट्ट करण्याची पद्धत रूढ झाली. आरंभीं त्यासाठीं अतिनील किरण वापरीत, नंतर निळा दिवा आला. त्या राळेंत प्रकाश ओढून घेणारें जें द्रव्य घालतात, तें कॅम्फरक्विनोन, आमच्या देव्हाऱ्यांतील कापराचें भावंड आहे! प्रकाश पडतांच अशा द्रव्यांपासून अस्थिर असे कण निर्माण होतात, ते राळेच्या लहान लहान रेणूंस हात धरून एकामागें एक सांखळींत गुंफीत जातात, आणि द्रवाचें घन होतें. १९८४ मध्यें चार्ल्स हल यानें याच युक्तीनें थरावर थर देऊन वस्तूच घडविण्याचें यंत्र पेटंटासाठीं मांडलें. पण दिवा खिशांत मावेपर्यंत गृहस्थास त्याचा उपयोग नव्हता. अकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांनीं निळा प्रकाश देणारा अर्धवाहकाचा बारीक दिवा साधला, ज्याबद्दल त्यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. जांभळे दिवे त्याच कुळांतले. आणि म्हणून पुतण्याच्या खिशांत ती लेखणी.

तिच्या उपयोगाविषयीं आमच्या फजितीमुळें चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस आला आहे. कांच, पारदर्शक प्लॅस्टिक, चष्म्याची चौकट, विजेच्या तारेचें उघडें पडूं लागलेलें पण अद्याप न फाटलेलें वेष्टन, खेळण्याची तुटलेली कडा, अशा जागीं, जेथें प्रकाश पोंचतो तेथें, ही राळ उत्तम. विजेची तार आधीं खुंटीवरून काढावी, हें सांगावयास नकोच. एका वेळीं मिलिमीटरभराहून जाड थर देऊं नये. खळगा मोठा असल्यास थरावर थर द्यावा. हवेंतील प्राणवायु या सांखळ्या तोडतो, त्यामुळें वरचा पापुद्रा कधीं कधीं चिकट राहतो; तो स्पिरिटानें पुसावा. कच्चा द्रव अंगास लागूं देऊं नये, कारण कित्येकांच्या कातडीस त्यानें कायमची खाज जडते. दिव्याकडे टक लावून पाहूं नये. आणि ज्या भागास अन्न लागतें तेथें ती मुळींच लावूं नये.

बरणीची मूठ अन्नापासून दूर व अंधारांतली, तेव्हां ती शेवटीं दोन नळ्यांच्या कालवणानें बसविली आणि एक रात्र दोऱ्यानें बांधून ठेविली. मंडळींनीं आतां ती बरणी वरच्या फळीवर, आमचा हात पोंचणार नाहीं अशा जागीं ठेविली आहे. त्याच आठवड्यांत आम्हीं वडिलांच्या संग्रहांतलें नऊ पैचें कबीराचें तिकीट काढून पुतण्यापुढें ठेविलें व त्याच्या हातीं भिंग दिलें. तो खिडकीपाशीं जाऊन बराच वेळ पाहत होता. "काका, यांत तर जाळीच जाळी आहे," तो म्हणाला, आणि दुसरें तिकीट मागूं लागला.