न्यूयॉर्कची विशेष हायस्कुले : जागेचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या विशेष सरकारी हायस्कुलांत प्रवेश शहरव्यापी परीक्षेतील गुणांवर मिळतो; परंतु अशी शाळा शहराच्या कोणत्या भागात असावी, हा मुद्दाही कळीचा ठरतो. २००२ पूर्वी परीक्षेद्वारे प्रवेश देणाऱ्या स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स व ब्रुकलिन टेक्निकल या तीनच शाळा अनुक्रमे मॅनहॅटन, ब्राँक्स व ब्रुकलिनमध्ये होत्या. २००२ मध्ये सिटी, लेहमन व यॉर्क महाविद्यालयांच्या सहयोगाने तीन नव्या शाळा निघाल्या. त्यांपैकी यॉर्कची शाळा क्वीन्समध्ये आहे. पुढे स्टेटन आयलंड टेक्निकलचाही समावेश झाला. या बेटापर्यंत शहराची भुयारी रेल्वे पोहोचत नाही. मध्यवर्ती शाळेत साऱ्या शहरातील मुले एकत्र येतात, तर जवळच्या शाळेमुळे रोजचा प्रवास वाचतो. गुण मिळवूनही केवळ अंतरापायी प्रवेश सोडावा लागू नये, हाच या वादाचा गाभा आहे.