लिथियम बॅटरीची आग : खबरदारी आणि प्रथमोपचार

चेन्नईतील टी. नगर, म्हणजेच त्यागराय नगर, ही देशातील अत्यंत गजबजलेल्या बाजारपेठांपैकी एक आहे. तेथील उस्मान मार्गावरील 'द चेन्नई सिल्क्स' या बहुमजली वस्त्रदालनाला ३१ मे २०१७ रोजी पहाटे आग लागली. दाट धुरामुळे अग्निशमन दलाच्या जवानांना आत प्रवेश करणे कठीण झाले. आग दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली, इमारतीचा काही भाग कोसळला आणि नंतर संपूर्ण इमारत पाडावी लागली. दाट वस्तीत ज्वाळांइतकाच धूरही घातक ठरतो, हे या दुर्घटनेतून दिसून आले. अशा वस्त्यांमध्ये आता मोबाइल, पॉवर बँक आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या रूपाने लिथियम बॅटऱ्या घरोघरी पोहोचल्या आहेत. त्यामुळे त्यांच्या आगीचे स्वरूप समजून घेणे आवश्यक ठरते.

तमिळनाडूतील वेल्लोर येथे मार्च २०२२ मध्ये घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने रात्री पेट घेतला आणि वडील व मुलगी यांचा गुदमरून मृत्यू झाला. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी सिकंदराबाद येथे विद्युत स्कूटरचे दालन असलेल्या इमारतीत आग लागली. धूर वरच्या मजल्यांवरील हॉटेलात पसरून आठ जणांचा बळी गेला. त्याच महिन्यात वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला व पुढे दगावला.

आग कशी लागते?

लिथियम-आयन बॅटरीतील दोन विद्युतअग्रांमध्ये एक पातळ पडदा असतो, तर आतील द्रव ज्वालाग्राही असतो. आघात, सदोष चार्जर, अतिउष्णता किंवा निर्मितीतील दोष यांमुळे हा पडदा निकामी झाल्यास आतच शॉर्टसर्किट होते. एका सेलची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते आणि ही साखळी काही क्षणांतच आवाक्याबाहेर जाते. या वेळी हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड यांसारखे ज्वालाग्राही व विषारी वायू बाहेर पडतात. ज्वाळा विझल्या तरी आतील उष्णता कायम राहते. त्यामुळे अशी बॅटरी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनीही, पुन्हा पेट घेऊ शकते.

पूर्वखबरदारी

विद्युत दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठी केंद्र सरकारने एआयएस-१५६ या मानकात सुधारणा केली. हे अधिक कडक निकष १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. तरीही वापरणाऱ्याची दक्षता महत्त्वाचीच आहे.

बॅटरी जिन्याखाली, बोळात किंवा दाराजवळ चार्जिंगला लावू नये. तेथे आग लागल्यास बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो. सर्व जण झोपलेले असताना चार्जिंग टाळावे. उत्पादकाने दिलेला चार्जरच वापरावा. वाहन चालवून आल्यावर बॅटरी निवू द्यावी. मोबाइल उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये. फुगलेली, चेपलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. ती कचऱ्यात न टाकता संकलन केंद्राकडे द्यावी.

आग लागल्यास

फुसफुसण्याचा आवाज, उग्र वास, फुगवटा किंवा पांढरा धूर ही धोक्याची पूर्वसूचना होय. दुचाकीची बॅटरी पेटल्यास ती उचलण्याचा अथवा स्वतः विझविण्याचा प्रयत्न करू नये. सर्वांना बाहेर काढावे, मागे दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. धुरातून जावे लागल्यास खाली वाकून जावे.

मोबाइलसारखे लहान उपकरण पेटले असेल आणि ते वीजपुरवठ्याला जोडलेले नसेल, तर सुरक्षित अंतरावरून भरपूर पाणी ओतावे. लिथियमच्या आगीवर पाणी घालूच नये, हा समज लिथियम-आयन बॅटरीला लागू होत नाही. उलट पाण्यामुळे ती थंड होते. कोरड्या भुकटीचे अग्निशामक ज्वाळा शमवते, परंतु बॅटरी पुरेशी थंड करीत नाही.

प्रथमोपचार

भाजलेला भाग त्वरित नळाच्या वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. अंगठी, बांगड्या काढाव्यात; मात्र कातडीला चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, तूप, हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. जखम स्वच्छ कापडाने सैल झाकावी. बॅटरीतील द्रव अंगावर उडाल्यास भिजलेले कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास किमान १५ मिनिटे पाण्याने धुवावेत. अशा वेळी बॅटरीच्या द्रवाचा संपर्क झाल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

धूर श्वासावाटे गेलेल्या व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फुप्फुसांवरील परिणाम काही तासांनंतरही दिसू शकतात. म्हणून बरे वाटत असले तरी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

बालकाने नाण्यासारखी चपटी लिथियम बॅटरी गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते. उलटी करवू नये. विनाविलंब एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असा विषबाधातज्ज्ञांचा सल्ला आहे. मधासाठी मात्र वेळ दवडू नये.

जळालेली बॅटरी किंवा वाहन अग्निशमन दलाच्या सूचनेशिवाय पुन्हा घरात आणू नये. ते इमारतीपासून दूर, उघड्यावर ठेवावे.