चिठ्ठी हवी की नको?

जबलपुरातल्या मदन महालच्या गोंडकालीन किल्ल्याची टेकडी चढून गुडघा धरला, तर थेट फिजिओथेरपिस्ट गाठावा की आधी डॉक्टरांची चिठ्ठी आणावी? कायद्याने याचं उत्तर सावकाश दिलं.

पोलिओच्या सावटात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. नोंदणीचे कायदे मात्र फार उशिरा आले: मध्य प्रदेशात सहचिकित्सा परिषदेचा २०००चा, महाराष्ट्रात फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी परिषदेचा २००२चा.

२०२१च्या केंद्रीय कायद्याने व्याख्येतच लिहिलं की, पदवीधर फिजिओथेरपिस्ट स्वतंत्रपणेही काम करू शकतो.

वाद मग नावामागच्या ‘डॉ.’वर आला. सप्टेंबर २०२५मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने ती उपाधी लावू नये असं पत्र काढलं आणि लगोलग ते मागेही घेतलं.