निवृत्तियोजनांतील अव्याप्ति आणि तिची दुरुस्ती

लक्षण आपल्या लक्ष्याच्या काही भागास लागूच पडत नाही, तेव्हा त्या दोषास न्यायशास्त्रात अव्याप्ति म्हणतात. अमेरिकेत मालकांनी चालविलेल्या निवृत्तियोजनांच्या इतिहासात याच जातीचा दोष कायद्यासमोर उभा राहिला. नोकरांची म्हणून करमाफी मिळविणाऱ्या योजनेत किती नोकर सामावले म्हणजे ती नोकरांची ठरते, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे बीज कायद्याच्या शब्दरचनेतच होते. १९२१ च्या महसूल कायद्याने नफावाटणीच्या न्यासांना करमाफी दिली. १९२६ मध्ये ती निवृत्तिवेतनाच्या न्यासांनाही मिळाली. परंतु योजना काही नोकरांच्या हिताची असो वा सर्वांच्या, दोन्ही चालत असे. ‘काही’ या शब्दात केवळ अधिकारीवर्गही बसू शकत होता. १९४२ मध्ये ही वाट अरुंद करण्यात आली. अल्पसेवेचे, अंशकालीन व हंगामी नोकर वगळून उरलेल्यांपैकी निदान ७० टक्के नोकर योजनेत असावेत, असे प्रमाण ठरले. तथापि, करखात्यास भेदभावरहित वाटेल असे वर्गीकरणही ग्राह्य होते. आणि केवळ पगारी वा कारकुनी नोकरांपुरती योजना तेवढ्याच कारणाने भेदभावाची ठरत नव्हती. रोजंदारीवरील मजुरास बाहेर ठेवण्यास त्यामुळे वाव राहिला.

१९८६ च्या करसुधारणा कायद्याने मोजण्याची रीतच बदलली. उच्चवेतनी आणि इतर अशा दोन वर्गांची तुलना होऊ लागली. इतरांपैकी लाभ घेणाऱ्यांचे प्रमाण उच्चवेतनीयांतील प्रमाणाच्या ७० टक्क्यांहून कमी असू नये, ही त्यातील मुख्य कसोटी. सरासरी लाभावर आधारलेली दुसरी कसोटीही ठेवण्यात आली.

समजा, एका आस्थापनेतील १० उच्चवेतनी नोकर सर्वच्या सर्व योजनेत आहेत आणि इतर १०० पैकी ६० आहेत. प्रमाण ६० टक्के भरते. दुसरी कसोटीही उतरत नसेल, तर योजना सदोष ठरते. १९९१ च्या नियमांनी यावर उपाय घालून दिला. योजनावर्ष संपल्यावर दहाव्या महिन्याच्या पंधराव्या दिवसापर्यंत पूर्वलक्षी दुरुस्ती करून, वगळलेल्यांपैकी आणखी १० जणांना त्या वर्षाचा लाभ देता येतो. कोणाचा मिळालेला लाभ काढून घेऊन प्रमाण जुळविता येत नाही. दुरुस्ती नाममात्र असूनही भागत नाही. हक्क पक्का होण्यापूर्वीच नोकरी सोडून गेलेल्याच्या नावे मांडलेली रक्कम गणतीत धरली जात नाही. चुका सुधारण्याच्या करखात्याच्या निरनिराळ्या पद्धती १९९८ मध्ये एकत्र करण्यात आल्या, तेव्हा मुदत टळलेल्या योजनांनाही मार्ग मिळाला.

शिक्षेचा विचारही याच दिशेने वळला. योजनेची मान्यता गेल्यास तिचा भार तीत असलेल्या साध्या नोकरावरही पडे, आणि वगळलेल्याच्या हाती काहीच लागत नसे. व्याप्तीचा दोष एवढेच कारण असल्यास, १९८६ च्या कायद्याने नोकरांवरील करभार उच्चवेतनीयांपुरता ठेवला व इतरांची त्यातून सुटका केली.

अव्याप्त लक्षण सुधारावयाचे ते लक्ष्य आखडून नव्हे, तर लक्षण विस्तारून. करकायद्यास हे उमगावयास अर्धशतक लागले. त्या विस्ताराचे खरे माप टक्केवारीच्या कागदावर नसून, बाहेर राहिलेल्या नोकरापर्यंत लाभ प्रत्यक्ष पोचला की नाही, यात आहे.