ताण, मनःस्वास्थ्य आणि हृदयविकार : एका वैद्यकीय विचाराचा इतिहास

प्रस्तावना

'हृदय' हा शब्द मराठीत शरीराच्या एका अवयवाचा वाचक आहे, तसाच भावनांच्या आश्रयस्थानाचाही. एखाद्याने 'धसका घेतला' किंवा वाईट बातमीने 'छातीत धस्स झाले' असे आपण सहज म्हणतो. या बोलण्यामागे जुनी धारणा आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात हृद्रोगाच्या कारणांमध्ये चिंता, भय आणि त्रास यांचा समावेश आहे. मनाचा हृदयावर परिणाम होतो, हे ज्ञान आधुनिक वैद्यकाने नव्याने शोधले असे म्हणता येणार नाही.

तथापि, धारणा आणि सिद्ध ज्ञान यांत अंतर असते. ताणामुळे हृदयविकार होतो, असे म्हणताना हा ताण कोणाचा आणि तो कोठून निर्माण होतो, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक काळाने वेगवेगळी दिली. ही उत्तरे कशी बदलत गेली आणि त्यांतून रोगाची जबाबदारी कोणावर टाकली गेली, याचा आढावा घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

१. निरीक्षणाचा कालखंड

विल्यम हार्वे याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हृदय हा रक्त पुढे ढकलणारा स्नायू आहे, हे त्याने दाखवून दिले. परंतु सुख, दुःख, आशा, भीती अशा मनोवस्थांचा परिणाम हृदयापर्यंत पोहोचतो, हेही त्याने नोंदवले. विल्यम हेबर्डन याने १७६८ मध्ये हृदयशूलाचे, म्हणजे अंजायनाचे, पहिले सुस्पष्ट वर्णन केले. चालण्याच्या श्रमाने उठणारी ही वेदना मनाच्या क्षोभानेही वाढते, असे त्यात नमूद आहे.

या कालखंडातील सर्वांत बोलके उदाहरण शल्यविशारद जॉन हंटर याचे आहे. तो स्वतः अंजायनाचा रुग्ण होता. आपल्याला चिडवणाऱ्या कोणत्याही माणसाच्या हाती आपले प्राण आहेत, अशा अर्थाचे उद्गार तो काढीत असे. त्याचा शिष्य एडवर्ड जेन्नर याला गुरूच्या हृदयाच्या रोहिण्या कठीण झाल्या असाव्यात, अशी शंका आली होती. मात्र गुरूला मनस्ताप होऊ नये म्हणून त्याने तिची वाच्यता टाळली. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वादंग झाले, त्यानंतर हंटर कोसळला आणि मरण पावला. शवविच्छेदनात जेन्नरची शंका खरी ठरली. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, रोग रोहिण्यांत आधीपासून होता. क्रोध निमित्त ठरला. मूळ कारण आणि तात्कालिक निमित्त यांतील हा भेद पुढील चर्चेत वारंवार विसरला गेला.

२. प्रयोगशाळेतील पुरावा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या निरीक्षणांना शरीरक्रियेचा आधार मिळाला. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने १९१५ च्या ग्रंथात भीती व क्रोध यांच्या वेळी अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते आणि शरीर लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होते, असे मांडले. १९३६ मध्ये मॉन्ट्रियल येथील हान्स सेल्ये याने उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, आघात कोणताही असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा सारखाच असतो. इशारा, प्रतिकार आणि अखेर थकवा अशा त्याच्या तीन अवस्था त्याने सांगितल्या. आज 'स्ट्रेस' हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो, तो प्रामुख्याने सेल्येमुळे रूढ झाला.

३. 'अ' प्रकारचा माणूस

दरम्यान, हृदयविकाराच्या रुग्णाचे एक विशिष्ट चित्र तयार होत होते. विल्यम ऑस्लर याने १९१० च्या व्याख्यानांत महत्त्वाकांक्षी, सतत पूर्ण वेगाने धावणाऱ्या माणसाचे वर्णन केले होते. सॅन फ्रान्सिस्को येथील मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयरोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये त्याला शास्त्रीय रूप दिले. त्यांच्या दवाखान्यातील खुर्च्यांच्या पुढच्याच कडा झिजल्या आहेत, ही गोष्ट खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या लक्षात आली होती, असे ते सांगत. रुग्ण जणू उठून जाण्याच्या तयारीतच बसत. घाई, चढाओढ आणि चटकन उसळणारा राग यांनी युक्त अशा वर्तनाला त्यांनी 'अ' प्रकार म्हटले.

१९६० च्या सुमारास त्यांनी कॅलिफोर्नियातील ३,१५४ निरोगी पुरुषांचा अभ्यास सुरू केला. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 'अ' प्रकारच्या पुरुषांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. पुढील मोठ्या अभ्यासांत मात्र हा संबंध टिकला नाही. १९८८ मध्ये त्याच अभ्यासातील रुग्णांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा पहिल्या झटक्यातून वाचलेल्या 'अ' प्रकारच्या रुग्णांचा मृत्यूदर इतरांपेक्षा कमी निघाला.

या सिद्धान्ताची दुसरी बाजू नंतर उघड झाली. अमेरिकेतील खटल्यांमुळे तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली. त्यांच्या आधारे २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की, फिलिप मॉरिस कंपनीने फ्रीडमन यांच्या संशोधनास अर्थसाहाय्य केले होते. सेल्ये यांनाही तंबाखू उद्योगाकडून पैसा मिळाला होता. रोगाचे मूळ स्वभावात असेल, तर सिगारेटवरील दोष हलका होतो, हे यामागील गणित होते. याचा अर्थ ताणाचा हृदयाशी संबंधच नाही, असा होत नाही. परंतु हा संबंध कोणत्या शब्दांत मांडला जातो, यात कोणाचा तरी लाभ दडलेला असू शकतो, हे यावरून स्पष्ट होते.

४. साहेब आणि शिपाई

महत्त्वाकांक्षी वरिष्ठाचा रोग, या कल्पनेस सर्वांत मोठा धक्का लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतून बसला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या 'व्हाइटहॉल' अभ्यासात सुमारे साडेसतरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. जबाबदारीचे ओझे वाहणाऱ्या उच्चाधिकाऱ्यांत हृदयविकार अधिक असेल, अशी सर्वसाधारण समजूत होती. १९७८ मध्ये मायकेल मार्मट व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष नेमके उलट होते. सर्वांत खालच्या श्रेणीतील, निरोप्यासारखी कामे करणाऱ्या कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वोच्च श्रेणीच्या ३.६ पट होते. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी घटक विचारात घेऊनही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहत होता.

१९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात १०,३०८ स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा समावेश होता. १९९७ मधील निष्कर्षांनुसार, आपल्या कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असणे हा हृदयविकाराशी निगडित असलेला महत्त्वाचा घटक ठरला. काम जास्त असणे ही एक गोष्ट. ते कसे आणि केव्हा करावे, हे ठरवण्याचा अधिकार नसणे ही दुसरी. साहेबाजवळ हा अधिकार असतो, शिपायाजवळ नसतो. येथे ताण हा स्वभावाचा दोष न राहता कामाच्या रचनेचा प्रश्न बनला.

५. आकस्मिक आघात, व्यापक पाहणी आणि उपचार

१७ जानेवारी १९९४ रोजी कॅलिफोर्नियात नॉर्थरिज येथे भूकंप झाला. त्या दिवशी लॉस एंजेलिस परगण्यात हृदयविकाराने २४ आकस्मिक मृत्यू झाले. आदल्या आठवड्यातील दैनिक सरासरी ४.६ होती. पुढील दिवसांत हे प्रमाण नेहमीपेक्षाही घटले. ज्यांची हृदये आधीच दुर्बल होती, त्यांचा मृत्यू भीतीने अलीकडे ओढला, असा त्याचा अर्थ लावला गेला. हंटरच्या मृत्यूतील कारण-निमित्त भेद येथे आकडेवारीच्या रूपाने पुन्हा समोर आला. त्याच दशकाच्या आरंभी, १९९० मध्ये, जपानी डॉक्टर हिकारू सातो यांनी 'ताकोत्सुबो' विकाराचे वर्णन केले होते. यात शोक वा भीतीनंतर हृदयाचा डावा कप्पा ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा फुगतो, पण रोहिण्यांत मात्र अडथळा आढळत नाही. हा विकार मुख्यतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत दिसतो. फ्रीडमन यांच्या मोठ्या अभ्यासात आणि पहिल्या व्हाइटहॉल अभ्यासात केवळ पुरुष होते, हे येथे आठवावे.

२००४ मधील 'इंटरहार्ट' अभ्यासात भारतासह ५२ देशांची माहिती एकत्र आली. सतत ताणाखाली असल्याचे सांगणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव सुमारे दुप्पट आढळला. मात्र झटका येऊन गेल्यावर रुग्णास मागील ताणाविषयी विचारले गेले होते, ही या अभ्यासाची मर्यादा होय.

उपचारांचा इतिहास अधिक सावध करणारा आहे. २००३ मध्ये अमेरिकेत २,४८१ रुग्णांवरील अभ्यासात मानसोपचाराने खिन्नता कमी झाली. परंतु मृत्यू वा पुन्हा येणारे झटके घटले नाहीत. भारतातील २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर झालेल्या योगाधारित पुनर्वसनाच्या अभ्यासातही, २०२० च्या निष्कर्षांनुसार, गंभीर हृदयघटनांत लक्षणीय फरक सिद्ध झाला नाही. रुग्णांना स्वतःचे आरोग्य सुधारल्यासारखे वाटले आणि ते पूर्वीच्या कामांकडे अधिक प्रमाणात परतले. हा लाभ लहान नाही; पण तो औषधांना पर्यायही नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मन आणि हृदय यांचा संबंध खरा आहे. मात्र दीर्घकाळचा ताण आणि क्षणिक आघात यांचे कार्य वेगळे आहे. दुसरी, ताणाला केवळ स्वभावाचा दोष मानल्याने तंबाखूसारखी कारणे झाकली गेली आणि रुग्णालाच अपराधी ठरवले गेले. तिसरी, व्हाइटहॉलच्या अभ्यासांनी हा प्रश्न दवाखान्यातून कचेरीत व कारखान्यात आणला.

'ताण घेऊ नका' हा सल्ला आज प्रत्येक रुग्णाला मिळतो. ज्याला आपल्या कामाची वेळ, गती व मोबदला यांपैकी काहीच ठरवता येत नाही, त्याने तो कसा पाळावा, हे मात्र सल्ला देणारा सांगत नाही. हृदयाच्या आरोग्याचा विचार करताना रक्तदाब मोजावा, तंबाखू सोडावी आणि मनाची काळजी घ्यावी, हे योग्यच आहे. त्यासोबत माणसाला त्याच्या कामावर किती अधिकार आहे, हेही विचारले जावे, असे या इतिहासाचे सांगणे आहे.