संशोधनाची सार्वजनिक उपलब्धता (मुंबई उपनगर)

करदात्यांच्या पैशांतून झालेल्या संशोधनाचे लेख, प्रबंध व आधारसामग्री (मूळ नोंदी व आकडेवारी) कोणाही नागरिकास विनामूल्य वाचता येण्याच्या व्यवस्थेस ‘मुक्त प्रवेश’ म्हणतात. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (स्थापना १९५६) १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करीत असून, कुपोषण, लसीकरण व मातांचे आरोग्य यांविषयीचे तिचे अहवाल महाजालावर सर्वांना खुले आहेत. २०१५-१६ पासून त्यांत जिल्हावार माहितीही मिळू लागल्याने स्थानिक कार्यकर्त्यांच्या दृष्टीने त्यांचे मोल फार वाढले. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेसारख्या (१९५८) संस्थांतील पुष्कळ लेखन मात्र वर्गणी आकारणाऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध होते. यावर उपाय म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये, आपल्या अनुदानातून झालेल्या लेखांची प्रत खुल्या संग्रहात ठेवावी, असे धोरण स्वीकारले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत (तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये) शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध होतात. तथापि घाटकोपरमधील खासगी डॉक्टर किंवा बोरिवलीतील शाळाशिक्षक करदाता असूनही तिच्या कक्षेबाहेर राहतो, ही या योजनेची गंभीर उणीव होय.