ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा (पुनःसंयोजित, मानवी)

शोथाला चालना देणारे सायटोकाइन. प्रयोगशाळेच्या बोलीत ‘रिकॉम्बिनंट टीएनएफ’. शरीरात ते मुख्यतः महाभक्षक कोशिका तयार करतात. कोशिकापटलात रुतलेले २३३ अमिनो आम्लांचे पूर्वरूप एका विकराने तोडले जाऊन १५७ अमिनो आम्लांचा, सुमारे १७ किलोडाल्टन वजनाचा भाग सुटतो. असे तीन भाग जुळले की प्रथिन कार्यक्षम होते. त्याचे ग्राही दोन.

इतिहास : न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील लॉइड ओल्ड यांच्या गटाने १९७५ मध्ये वर्णन केले. १९८४ मध्ये मानवी जनुकाचे क्लोनिंग झाले. कर्करोगावर शिरेतून देण्याचे प्रयत्न रक्तदाब घसरण्यासारख्या विषारी परिणामांमुळे मागे पडले.

निर्मिती व वापर : जनुक बहुधा ई. कोलाय जिवाणूत घालून प्रथिन मिळवतात. जिवाणूचे एंडोटॉक्सिन मागे राहिले, तर महाभक्षक त्यानेच चेतून स्वतःचे टीएनएफ सोडू लागतात आणि प्रयोग फसतो. म्हणून वायलवरील एंडोटॉक्सिनचा आकडा शुद्धतेच्या टक्केवारीइतकाच काळजीने वाचावा. वारंवार गोठवणे-वितळवणे टाळतात. सक्रियता ॲक्टिनोमायसिन-डी दिलेल्या, उंदराच्या एल९२९ कोशिका किती मरतात यावरून मोजतात.

पुण्यातील संशोधन : १९८६ मध्ये मंजूर झालेल्या सुविधेतून उभे राहिलेले राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र (एनसीसीएस) देशभरच्या प्रयोगशाळांना कोशिकावंश पुरवते, एल९२९ही त्यांत आहे. संधिवातात हाड का झिजते, हा तेथील मोहन वाणी यांच्या गटाचा विषय. टीएनएफमुळे हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट कोशिका वाढतात. इंटरल्यूकिन-३ हे सायटोकाइन ऑस्टिओक्लास्टच्या पूर्वकोशिकांवर थेट काम करून त्यांना महाभक्षकांच्या वाटेला वळवते आणि आरएएनकेएल या संकेत-प्रथिनाने होणारी ऑस्टिओक्लास्टची वाढ कायमची थांबवते, असे या गटाने २००३ मध्ये मांडले. २००५ च्या शोधनिबंधात त्याने टीएनएफकडे मोर्चा वळवला : इंटरल्यूकिन-३ व जीएम-सीएसएफ ही सायटोकाइन्स पूर्वकोशिकांवरील टीएनएफचे दोन्ही ग्राही घटवतात आणि त्यामुळे टीएनएफचा हुकूम चालत नाही. हे प्रयोग उंदरांच्या कोशिकांवरचे. इंटरल्यूकिन-३ चा मानवी ऑस्टिओक्लास्टवरील परिणाम गटाने पुढे तपासला. आरएएनकेएलचा लवलेश नसताना एकटे टीएनएफ ऑस्टिओक्लास्ट घडवू शकते काय, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

विरोधी औषधे : इन्फ्लिक्सिमॅब, एटानरसेप्ट, अ‍ॅडालिमुमॅब. लुपिनने पुण्यात विकसित केलेल्या एटानरसेप्टला २०१९ मध्ये जपानची मान्यता मिळाली. क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या गाठी टिकवण्यात टीएनएफचा वाटा असल्याने ते रोखले की सुप्त क्षय उफाळू शकतो. उपचारापूर्वी त्याची तपासणी करतात.

नाशिक : महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे (१९९८) मुख्यालय. त्याच्याशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालयांत हे प्रथिन बहुधा एलायझा संचातील प्रमाण-वायलच्या रूपातच भेटते.